अनसूमावशीची मोकळी ओळ

अनसूमावशी, एक ओळ मोकळी सोडून गेलीस तू.

तुला जाऊन अकरा दिवस झाले तेव्हा कुठे मला प्रेसमध्ये पाऊल टाकायचा धीर झाला. मालकांनी तुझं स्टूल भिंतीकडे सरकवून ठेवलंय, वरची गोणपाटाची घडी तशीच आहे. आपल्या पत्रकाचे जुळवून झालेले शिशाचे खिळे तू सुतळीने घट्ट बांधून ठेवले होतेस. तो ट्रे त्यांनी माझ्यापुढे आणून ठेवला. खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचायला तूच शिकवलंस, म्हणून वाचता आली. ‘ताप आला तर लपवू नका’ या ओळीखाली एका ओळीची जागा तू कोऱ्या खिळ्यांनी भरून ठेवली होतीस.

“तिथं एक वाक्य यायचंय म्हणाली. पोरगी आणून देणार हाय म्हणाली. कुणाला हात लावू दिला न्हाई,” मालक म्हणाले.

पोरगी म्हणजे मी. ते वाक्य मी तुला आणून दिलं नाही.

आप्पांचं म्हणणं होतं की तुझ्यावर मी चार शब्द बोलावेत. आमच्या घरी माणूस गेलं की सभा होते, हार होतो, भाषणं होतात. मी नाही म्हणाले. तुझा जन्म कुठला, शाळा किती झाली, संगमनेरात किती वर्षं खिळे जुळवलेस, हे सांगून तुझ्यातलं काय सांगितल्यासारखं होणार होतं? मला तुझ्याशीच बोलायचंय. आणि आपलं भांडण अजून संपलेलं नाही.

मी पत्रकांवर वाढले हे तुला माहीत आहे. माझे वडील, आप्पा, साखर कारखान्यात मजूर. घरी पुस्तकं चार, पण पत्रकांचे गठ्ठे ढीगभर. सभेची, संपाची, जयंतीची, पाण्याच्या हक्काची. मी अक्षरं त्यावरच गिरवली. म्हणून लहानपणी मला वाटायचं, छापलेलं सगळं ओरडूनच बोलतं. पुढे सोळाव्या वर्षी मी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्रक घेऊन तुझ्यासमोर उभी राहिले. तू कागद डोळ्यांजवळ नेलास, खाली केलास.

“ए पत्रकवाली, उद्गारचिन्हं किती घातलीस?”

“सहा.”

“आमच्याकडं चारच खिळे हायत त्याचे. दोन राग कमी कर.”

मी फणकारले. तू हसत राहिलीस. मी दोन राग कमी केले आणि पत्रक खरंच बरं झालं. त्यानंतरचा माझा एकही मजकूर तुझ्या बोटांखालून गेल्याशिवाय छापला गेला नाही. बोलताना तू ‘न्हाई’ म्हणायचीस, जुळवताना ‘नाही’. माझ्या वेलांट्या सुधारायचीस आणि वर म्हणायचीस, “कालेजात पैलीदुसरी ऱ्हाती का गं मागं?”

मग ते पत्रक आलं. ‘सलाईन म्हणजे मिठाचं पाणी!’

ते लिहिताना मी पेटलेली होते. आमचा आरोग्यगट तेव्हा गावोगाव फिरत होता. खुरपणीच्या बाया सांगायच्या, अंगात ताकद नाही, डॉक्टरनं बाटली लावली, दोन दिवस बरं वाटलं. ज्या बाईला भाकरीबरोबर डाळ हवी, तिच्या हातात सुई. त्या पत्रकातला एक शब्दही मी आज मागे घेत नाही. अशक्तपणाला लावलेली बाटली ही फसवणूकच होती आणि आहे. पण तू ते पत्रक जुळवलंस, मावशी. एकेक अक्षर बोटांत धरून. जे छापून येतं ते लोक वाचून टाकून देतात. तू जुळवता जुळवता वाचायचीस, आणि जे पटायचं ते तुझ्यात कायमचं बसायचं. तेव्हा मला याचा अभिमान वाटला. याची भीती वाटायला हवी होती.

तुझी बोटं बिघडत होती हे मला फार उशिरा कळलं. तू सकाळी आलीस की चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून बसायचीस. मला वाटायचं, ही चहाची शौकीन. खरं तर तू गरम काचेवर बोटं मोकळी करत होतीस. बारीक अक्षरांचं काम तू अकराच्या पुढे ढकलायचीस. दूध सोसायटीच्या पावत्यांचे मोठे खिळे आधी घ्यायचीस. एकदा तुझ्या हातून खिळा पडला. मग रोजच पडायला लागले. तू म्हणायचीस, “शिसं जड झालंय हल्ली.”

आणि त्या पुड्या. बाजाराच्या दिवशी वाताचं औषध विकणाऱ्या माणसाकडून तू पांढऱ्या गोळ्यांच्या पुड्या आणायचीस. घेतली की दोन तासांत हात हलायचे. तुझा चेहरा भरत गेला, गोल होत गेला, आणि गल्लीतल्या बाया म्हणाल्या, अनसूबाईची तब्येत सुधारली. मला कळलं तर मी आरडाओरडा करीन, म्हणून तू त्या पुड्या ‘ङ’च्या खिळ्यांच्या खणात लपवल्यास. प्रेसमधला एकमेव खण, ज्यात कुणी हात घालत नाही. एके दिवशी मात्र मालकांना एका श्लोकासाठी तो खिळा हवा होता, आणि मी त्या खणात हात घातला.

“हे काय?”

“गोळ्या हायत.”

“कसल्या?”

“हलणाऱ्या,” तू म्हणालीस आणि बोटं हलवून दाखवलीस.

मी आरडाओरडा केलाच. मालक बाहेर निघून गेले. मी म्हणाले, हे स्टेरॉईड आहे, कुणी मोजून दिलेलं नाही, यानं हाडं पोकळ होतात, साखर वाढते. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, “झालं? आता मला सांग, पोलक्याची बटणं कोन लावनार? तू?”

तुझी बटणं लागत नाहीत हे मला त्या क्षणी कळलं. तितकी वर्षं मी तुझ्या हातांकडे पाहत होते, म्हणजे माझ्या मजकुराकडे पाहत होते.

त्या शनिवारी आपण एस.टी.नं नगरला गेलो. तिथल्या एका दवाखान्यात पुण्याहून सांध्यांच्या डॉक्टरीणबाई महिन्यातून दोनदा चार-चार दिवस येत. तरुणच होत्या. त्यांनी तुझं एकेक बोट हातात घेतलं, प्रत्येक सांधा हलकेच दाबला, आणि विचारलं, सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो? तू म्हणालीस, “दोन चहा.” त्या हसल्या नाहीत. कागदावर लिहिलं. मला ते फार आवडलं.

त्यांनी सांगितलं की हा वयाबरोबर हाडं झिजण्याचा वात नव्हे. यात शरीराची राखण करणारी फौज चुकून आपल्याच सांध्यांवर चालून जाते. आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी आहे. ती खरं काम करते, पण तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर सांधे वाचवायचे तर एक जोरकस औषध बाटलीतून शिरेत द्यावं लागेल. तीन दिवस, रोज एक.

तू उठून उभी राहिलीस.

“बाटली? बाटली न्हाई. बाटली म्हंजी मिठाचं पानी. मी सोता जुळवलंय.”

आणि पिशवीतून माझं पत्रक काढून तू टेबलावर ठेवलंस. घडीवर घडी घातलेलं, कडा मऊ झालेल्या.

बाईंनी ते पूर्ण वाचलं. “कुणी लिहिलंय?”

तू हनुवटीनं माझ्याकडे दाखवलंस. केवढ्या अभिमानानं!

“चांगलं लिहिलंय,” त्या मला म्हणाल्या. “पण अर्धंच लिहिलंय.”

मावशी, तेव्हा मी बोलायला हवं होतं. ही बाटली ती नव्हे, हे मला समजलं होतं. बाटली फक्त भांडं असतं, प्रश्न आत काय आहे आणि कशासाठी आहे याचा असतो, एवढं मला कळत होतं. पण कुणी माझ्या पत्रकाला अर्धं म्हटलं होतं, आणि माझे कान तापले होते. मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याला तू होकार समजलीस. परतताना एस.टी.त तू माझीच समजूत काढलीस. “मनाला लावून घिऊ नको. तू खोटं लिव्हलं नस्तंस, अन् मी छापू दिलं नस्तं.”

त्या अभिमानापायी चार महिने गेले, ना बाटली ना आठवड्याची गोळी. या चार महिन्यांबद्दल मी तुझी कधी माफी मागितली नाही. तू मागू दिली नाहीस, विषय बदलायचीस. आता विषय बदलायला तू नाहीस, म्हणून मागते.

चार महिन्यांनी तुला स्टिक धरता येईना. एका हातात धरून ज्यात ओळ जुळवायची ती पितळी पट्टी. तुझ्या तळव्याच्या मापाची झालेली. मालकांनी तुला कागद घड्या घालायला बसवलं, तर घडीही बसेना. डॉक्टरीणबाईंच्या पुढच्या फेरीला मी एकटी नगरला गेले आणि त्यांना म्हणाले, उरलेलं अर्धं सांगा. त्यांनी तासभर सांगितलं. मी वहीभर लिहून घेतलं. परत येऊन तुझ्यापुढे वाचलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस.

“हे तुला पटलंय?”

“पटलंय.”

“लिहून दे.”

मी कागदावर लिहून दिलं : मागच्या पत्रकात सांगितलेलं अशक्तपणाच्या बाटलीबद्दल होतं, अनसूमावशीच्या औषधाबद्दल नव्हतं. खाली सही केली. तू ती सही उन्हात धरून पाहिलीस, जसं प्रूफ पाहायचीस. मग म्हणालीस, “चल.”

ते तीन दिवस, मावशी! मी ते विसरणार नाही.

आधी छातीचा फोटो, लघवी, साखर, रक्तदाब. तू विचारलंस, “बोटाचं दुखनं अन् छातीचा फोटू?” सिस्टर म्हणाली, आत कुठे जुना क्षय लपलेला असेल तर हे औषध त्याला मोकळं रान देतं, म्हणून आधी बघायचं. तू मान डोलावलीस. कारण सांगितलं की तू कशालाही तयार व्हायचीस. मग सिस्टरला शीर सापडेना. दोनदा टोचलं. तू तिला म्हणालीस, “बाई, डोळ्यानं शोधू नको. आमी खिळा बघून घेत न्हाई, बोटानं वळखतो.” तिनं खरंच डोळे बाजूला केले, बोटानं चाचपलं, आणि तिसऱ्यांदा सुई बसली. “जमलं की गं!” तू म्हणालीस, जसं काही सलाईन तिलाच लागलं होतं.

थेंब सुरू झाले. थोड्या वेळानं तू तोंड वेडंवाकडं केलंस.

“तोंडात खिळा चघळल्यागत झालंय.”

मी घाबरले. सिस्टर म्हणाली, “होतं असं. धातूसारखी चव येते, जाते. खडीसाखर धरा तोंडात.” तुझा चेहरा लाल झाला, छाती जोरात धडधडली. तेही तिनं आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून तू शांत होतीस. ती मधूनमधून रक्तदाब बघायची. दोन तास लागले. तू त्या दोन तासांत शेजारच्या खाटेवरच्या श्रीगोंद्याच्या बाईची सगळी हकिगत काढून घेतलीस, तिच्या सुनेसकट. दुसऱ्या दिवशी तुला अशी भूक लागली की तू माझ्या वाटणीची भाकरी खाल्लीस. दोन रात्री तुला झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी तू चिडलीस, उगाच रडलीस, मग स्वतःच म्हणालीस, “हे बी बाटलीचंच का?” बाटलीचंच होतं.

चौथ्या सकाळी मी उठले तर तू खाटेवर नव्हतीस. दवाखान्यामागच्या नळावर तू तुझं लुगडं धुतलं होतंस आणि पिळत होतीस. पिळा घट्ट, पाणी निथळत होतं. वर्षभरात ते तुझं तुला जमलं नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि आणखी एक पीळ दिलास.

“मिठाचं पानी,” तू म्हणालीस.

आपण दोघी त्या नळावर किती हसलो! मी हसता हसता रडले, आणि तू ओल्या हातानं माझं तोंड पुसलंस. त्या हाताचा दाब अजून गालावर आहे.

डॉक्टरीणबाईंनी मात्र भ्रमात ठेवलं नाही. म्हणाल्या, आजार गेलेला नाही, दबलाय. हा आराम काही आठवडे टिकेल. आठवड्याची गोळी चुकवायची नाही, रोज घ्यायची नाही, तिच्यासाठी रक्त तपासत राहायचं. बाजारातल्या पुड्या एकदम बंद करायच्या नाहीत, त्या आपण मोजून कमी करू. गरज पडेल तसं महिन्याला एकदा बाटलीतून औषध. त्यांच्या दोनच खाटा होत्या, म्हणून रजिस्टरात नंबर लागायचा. निघताना त्या म्हणाल्या, परदेशात सांध्यांसाठी नवं औषध निघालंय, तेही शिरेतूनच देतात, आपल्याकडे यायला वेळ लागेल. तू म्हणालीस, “येऊ द्या. आमी कुठं जातोय?”

शतक संपायला आलंय, मावशी. तू गेलीस.

पुढच्या महिन्याच्या बाटलीनंतर तू पुन्हा स्टुलावर बसलीस. पूर्वीच्या वेगानं नाही, पण ओळ सरळ. पहिलं काय म्हणालीस? “उरलेलं अर्धं लिही. माझ्यासारख्या लई असतील बाटलीला घाबरून बसलेल्या. तूच घाबरवल्यात.”

मी लिहून आणलं. पहिलंच वाक्य होतं : ‘संधिवात मुळापासून बरा करतो म्हणणाऱ्या भोंदूंना धडा शिकवा!’

तू कागद परत केलास. “सुई दुखती का ते सांग आधी.”

“ते काय लिहायचं?”

“बाई दारात उभी असती तवा तिला भोंदू दिसत न्हाई. सुई दिसती.”

आणि मग तू सांगत गेलीस, मी लिहीत गेले. उपाशी जावं की जेवून? जेवून जावं. पोलकं सैल बाहीचं घालावं. लघवीला बाटली हातात धरून जाता येतं, लाजू नये. घेत असलेलं सगळं औषध सोबत न्यावं, लपवलेल्या पुड्यासुद्धा. तोंडाला खिळ्याची चव येते. इथे मी म्हणाले, लोकांना खिळ्याची चव माहीत नसते. तू नाराजीनं ‘लोखंडाची’ केलंस. सोबत बोलकं माणूस न्यावं, हे वाक्य तुझं. मी म्हणाले, हे वैद्यकीय नाही. तू म्हणालीस, “दोन तास हाय तो. गप माणसाबरोबर काढून बघ.”

असं तुकड्यातुकड्यानं काही महिने चाललं, आणि शेवटी तापाचं वाक्य आलं. मी लिहिलं होतं : ‘हे औषध शरीराच्या फौजेला शांत करते. त्यामुळे जंतूंना मोकळे रान मिळू शकते. ताप आला तर लपवू नका.’

तुझा हात थांबला. “लपवत्यात.”

“कोण लपवेल? कारण तर दिलंय.”

“मी लपवीन.”

मी हसले. देवाशपथ म्हणायची सवय आमच्या घरात नाही, पण शपथेवर सांगते, मला ती गंमत वाटली.

“अगं, महिनाभर बोटं मोजत बसल्याली बाई ताप हाय म्हनंल व्हय? तिला वाटतंय, सांगितलं की आजची बाटली गेली अन् नंबर बी गेला. तिला येवढंच लिव्ह, नंबर जातो का ऱ्हातो.”

“मावशी, पत्रकात तत्त्व सांगायचं असतं. नंबराचं दवाखाना बघेल.”

“तत्त्वानं मूठ मिटत न्हाई, पोरी.”

“माणसाला धोका कळला की तो शहाण्यासारखा वागतो. एवढा विश्वास ठेवल्याशिवाय पत्रक कशाला काढायचं?”

“शहानी ती हायच. पन दुखतंय ना तिला.”

मी चिडले. तू खिळे परत खणांत टाकायला लागलीस, म्हणजे भांडण तुझ्या बाजूनं संपलं. जाता जाता मी म्हणाले, “बरं, विचारून येते सिस्टरला.” तू मागून म्हणालीस, “मी तवर जागा सोडून ठिवते.”

मग श्रीगोंद्याला ऊसतोडणीच्या बायांची सभा होती. मग तिचं वृत्त लिहायचं होतं. नगरचा रस्ता माझ्या वाटेवर होता, मावशी. मी दोनदा त्या दवाखान्यावरून गेले. दोन्ही वेळा मला घाई होती.

तो शनिवार तुझ्या नंबराचा होता आणि मी पुन्हा श्रीगोंद्यात होते. तू एकटीच गेलीस. तुला दोन दिवस कणकण होती, खोकला होता. निघण्यापूर्वी तू तापाची गोळी घेतलीस, म्हणजे थर्मामीटरला काही दिसू नये. सिस्टरनं विचारलं, ताप, खोकला काही? तू नाही म्हणालीस. चार दिवसांनी तुला धाप लागली. तुला मोठ्या दवाखान्यात हलवलं तेव्हा दोन्ही फुप्फुसं भरली होती.

पुढचे पाच दिवस मी तुझ्या उशाशी होते. तोंडावरचा मास्क बाजूला करून तू तुटक तुटक मला सांगितलंस, “सिस्टरनं इचारलं हुतं. मीच न्हाई म्हनले. तिला कुनी बोलू नका.” आपल्या शेवटच्या श्वासांतले चार-पाच तू त्या मुलीला वाचवण्यासाठी खर्च केलेस. मग माझ्याकडे पाहून म्हणालीस, “ती वळ...” मी म्हणाले, बोलू नको, दम लागतो. तुला ओळीबद्दल विचारायचं होतं. मी तुला विचारू दिलं नाही, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी नंतर मला समजावलं. फुप्फुसातला आजार आधी सुरू झालेला होता, बाटली घेतली नसती तर काय झालं असतं हे ठामपणे कुणीच सांगू शकत नाही. त्या खोटं बोलणाऱ्या नाहीत. त्यांनी असंही सांगितलं की त्या बाटल्यांनी तुला आठ महिने तुझे हात परत दिले. हे खरं आहे. मी हे रागात विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवते. आठ महिने तू बटणं लावलीस, लुगडं पिळलंस, पत्रक जुळवलंस. ते आठ महिने आणखी चार महिने आधी सुरू होऊ शकले असते, हेही इथेच लिहून ठेवते.

प्रेसमध्ये ती मोकळी ओळ पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी मी नगरला गेले. सिस्टर मला पाहून रडायला लागली. मी तिला तुझा निरोप दिला, कुणी तिला बोलू नये असं तू म्हणाली होतीस. मग जो प्रश्न महिन्यापूर्वी विचारायचा होता तो विचारला. कुणी ताप आहे म्हणालं, तर त्याचा नंबर जातो का?

तिनं रजिस्टर उघडलं. एका नावापुढे तारीख खोडून नवी लिहिली होती. “हे बघा. यांना ताप होता, तर ताप उतरेपर्यंत पुढे ढकललं. पुढच्या वेळी सगळ्यांत आधी यांनाच घेतलं.”

“म्हणजे नंबर जात नाही?”

“नाही हो. कसा जाईल?”

उत्तराला एक मिनिटही लागलं नाही. मी तिथल्या बाकावर बसून राहिले. समोर तुझी ती खाट होती. तिच्यावर एक म्हातारी बसली होती, सुई लागायची होती, बोटं वाकडी झालेली. तिनं मला विचारलं, “लई दुखतं का गं बाई?” मी म्हणाले, “सुई मुंगी चावल्यागत. मग तोंडाला लोखंडाची चव येते, जाते. खडीसाखर आणलीय का?” नव्हती. मी खालून आणून दिली, आणि तिची बाटली संपेपर्यंत तिच्याशी बोलत बसले. दोन तास. तू म्हणाली होतीस तसेच, लांब असतात ते.

आज पुन्हा प्रेसमध्ये आले. तुझ्या स्टुलावर बसले नाही, उभ्यानंच जुळवलं. तुझी स्टिक माझ्या हातात मोठी होते. एक ‘र’ शोधायला मला इतका वेळ लागला की मालक मागे येऊन उभे राहिले, पण मदत केली नाही. बरं केलं. कोरे खिळे एकेक करून काढले आणि तुझी ओळ तुझ्या जागेत बसवली. प्रूफ काढलं. दोन चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या. तळाला माझं नाव होतं, ते काढलं. तिथे आता लिहिलंय : ‘मजकूर सांगणारी व जुळवणारी : अनसूमावशी.’ शेवटची ओळ तेवढी मी जुळवली, ती तुझीच धर.

भांडणात तू जिंकलीस. मला अजूनही वाटतं, माणसाला खरं कळलं की तो शहाण्यासारखा वागतो. फक्त खरं काय ते दारात उभ्या असलेल्या बाईला विचारायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.

वाच, मावशी :

‘ताप आला तर लपवू नका.

दिवस पुढे जातो, नंबर जात नाही.’

एकही उद्गारचिन्ह घातलेलं नाही.